कॅसेट पिण्यास अयोग्य आहे

बाबांच्या घरातला माळा आवरायला काढला तेव्हा माझा हेतू अत्यंत शुद्ध होता, हे आधीच सांगून ठेवते. कारण पुढे माझ्या हेतूबद्दल त्या इमारतीतल्या प्रत्येक मजल्याने आपापलं स्वतंत्र मत बनवलं. मला फक्त टाकीचा व्हॉल्व्ह बघायचा होता. व्हॉल्व्ह माळ्याच्या अगदी आत होता, आणि त्याच्या पुढे आमच्या घराने आजवर फेकून न दिलेलं सगळं होतं. झाकण नसलेले डबे होते, डबे नसलेली झाकणं होती, आणि ती एकमेकांना लागत नाहीत याची खात्री कुणीतरी करून ठेवलेली होती.

मी स्टुलावर चढले होते आणि नवरा खाली स्टूल धरून उभा होता. एका हाताने. दुसऱ्या हातात फोन होता.

चपलांच्या एका खोक्यात, वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती मला सापडली. व्हिडिओ गेमची कॅसेट. तिच्या खोक्यावरच्या चित्रात एक उघडाबंब पुरुष दुसऱ्या उघड्याबंब पुरुषाच्या हनुवटीखाली टाच मारत होता. मागे वीज चमकत होती, आणि तशा हवेत दोघांपैकी एकालाही अंगात काही घालावंसं वाटलेलं नव्हतं. खोक्यावर पारदर्शक प्लास्टिक घट्ट बसलेलं होतं. कोरं, न फोडलेलं.

मी ती लगेच ओळखली. धाकट्यासाठी, म्हणजे माझ्या भावासाठी, बाबांनी ती आणली होती आणि "पास झालास की उघड" असं म्हणून कपाटावर ठेवली होती. धाकटा गणितात गेला. कॅसेट माळ्यावर गेली. पुढच्या वर्षी तो पास झाला, पण त्याने ती मागितली नाही आणि बाबांनी दिली नाही. तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलतात ते तिसऱ्या माणसामार्फत. आधी ते काम आईकडे होतं. आई गेल्यावर तिची शिलाई मशीन आणि ही नोकरी, दोन्ही माझ्याकडे आली. शिलाई मशीन निदान बंद तरी ठेवता येते. दोघं राहतात एका घरात, मी राहते पलीकडच्या गल्लीत, आणि सकाळी बाबांचा फोन येतो, "त्याला सांग, गीझर चालू राहिलाय." मी धाकट्याला फोन करते. फोन त्याच्या खोलीत वाजलेला मला बाबांच्या फोनमधून ऐकू येतो.

"जरा चित्र दाखव," नवरा खालून म्हणाला. मी दाखवलं. त्याने फोनमध्ये काहीतरी शोधलं, आणि मग त्याच्या तोंडून एक आवाज आला. आमच्या इतक्या वर्षांच्या संसारात हा आवाज मी ऐकलेला नव्हता.

"फोडलेली नाही ना?"

"नाही."

"नक्की?"

"मी रसायनशास्त्रज्ञ आहे. फोडलेलं आणि न फोडलेलं यांतला फरक मला कळतो." या वाक्याची मला नंतर फार लाज वाटली, पण ते पुढे येईलच.

त्याने मला फोनवरचा आकडा दाखवायला हात वर केला. त्यासाठी त्याने स्टूल सोडलं. पुढचा काही काळ मी माळ्याच्या कडेला लोंबकळत होते आणि तो मला समजावून सांगत होता की फोडलेल्या कॅसेटला कुणी विचारत नाही, पण न फोडलेलीला जगभरातले मोठमोठे लोक वेड्यासारखी बोली लावतात. "एवढ्यात चारचाकी येते!" तो म्हणाला.

"आधी मला खाली घे," मी म्हणाले.

स्टूल पडल्याचा आवाज ऐकून समोरच्या काकू धावत आल्या. आमच्या काकूंचा स्वभाव मदतीचा आहे. मदत झाली की माहिती मिळते. मी जमिनीला टेकण्याआधी त्यांना आकडा कळलेला होता.

धाकटा संध्याकाळी कामावरून आला. तो लिफ्टची दुरुस्ती करतो, त्यामुळे दिवसभर वर-खाली करून घरी आला की एका जागी बसून राहतो. त्याने कॅसेटकडे पाहिलंसुद्धा नाही.

"विकून टाक, ताई," तो म्हणाला. "मला त्या वस्तूचं तोंड बघायचं नाही. माझ्या वाट्यात मी वेगळी खोली घेतो. एक पाहूनही ठेवलीय."

"वेगळी खोली? आणि बाबा?"

"त्यांना कुठे माझ्याशी बोलायचं असतं? फोनवरच तर चालतं सगळं. ते तिकडूनही चालेल."

बाबा शेजारच्याच खुर्चीत होते. "त्याला सांग," ते मला म्हणाले, "विकायची नाही. होती तिथे ठेव."

"बाबा, अहो, केवढी किंमत आहे माहितीय का?"

"किंमत असू दे. कुणाला दाखवू नको. माळ्यावर ठेव." आणि ते उठून आत गेले. त्यांचा चेहरा उतरला होता. मुलगा घर सोडून जाणार म्हणून बापाचं आतडं तुटतंय, असं मला वाटलं. मला भरून आलं. एखाद्या गोष्टीचा इतका चुकीचा अर्थ काढायलाही शिक्षण लागतं.

आता माझी कोंडी बघा. विकावी तर धाकटा घर सोडणार आणि बाबा एकटे पडणार. न विकावी तर वस्तू त्याची असून दुसऱ्यांदा त्याला मिळाली नाही असं होणार. मी ठरवलं की आधी नीट किंमत काढून घ्यावी, निर्णय मग. शास्त्र शिकलेली माणसं निर्णय टाळतात तेव्हा त्याला मोजमाप म्हणतात.

तोवर ती जपायची होती. काकू म्हणाल्या, "फ्रिजमध्ये ठेव. माझ्या मेव्हण्याची औषधं राहतात तशी." इमारतीचे सेक्रेटरी स्वतः वर आले. असल्या मौल्यवान वस्तूमुळे इमारतीत चोर येऊ शकतात, चोर आले तर लिफ्ट वापरतील, आणि लिफ्टच्या देखभालीचा प्रश्न आधीच प्रलंबित आहे, असा त्यांचा मुद्दा होता. दुसऱ्या दिवशी खालच्या फळ्यावर सूचना लागली. "मौल्यवान वस्तू बाळगणाऱ्या सभासदांच्या विवाहित मुलींनी याची नोंद घ्यावी." नाव नव्हतं. फळ्यापाशी उभे राहून लोक ती वाचायचे आणि मग माझ्याकडे बघायचे. मी पाण्याचे नमुने तपासते, माझ्या सहीवर गावं नळाचं पाणी पितात. पण त्या आठवड्यात जिन्यात मला लोक "काय, कॅसेटबाई?" म्हणू लागले.

खरा शत्रू चोर नव्हता, ओलावा होता. खोक्याला बुरशी लागली की सगळं संपलं. आणि ओलाव्यावर अक्सीर इलाज माझ्या प्रयोगशाळेत आहे. जाड काचेचं, झाकण घट्ट बसणारं एक भांडं, तळाशी ओलावा शोषणारे खडे. आम्ही त्याला डेसिकेटर म्हणतो. मी कॅसेट एका स्वच्छ पिशवीत घातली, पिशवी बंद केली, आणि सकाळी कामावर जाऊन ती डेसिकेटरमध्ये ठेवण्याआधी फक्त हात धुवायला गेले.

परत आले तर टेबलावर कॅसेट नव्हती.

आमच्या नोंदणीच्या बाई अतिशय दक्ष आहेत. टेबलावर नोंद नसलेली पिशवी दिसली की त्यांना चैन पडत नाही. त्यांनी पिशवीवर नमुना क्रमांकाची चिठ्ठी डकवली होती, संगणकात नोंद केली होती, आणि "स्रोत" या रकान्यात "अज्ञात विहीर" असं घातलं होतं.

"अहो, हे पाणी आहे का?" मी म्हणाले.

"पिशवीत काय आहे ते बघणं माझं काम नाही, मॅडम. पिशवी आहे की नाही ते बघणं माझं काम."

"बरं, काढून टाका नोंद."

"नोंद निघत नाही. अहवाल निघाल्याशिवाय नमुना फाटकाबाहेर जात नाही."

"आणि अहवाल निघाला की?"

"नियमाप्रमाणे नष्ट."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी साहेबांकडे गेले. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकलं, कॅसेट पिशवीतूनच उलटीसुलटी केली आणि म्हणाले, "हा माणूस त्याला का मारतोय?"

"मला माहीत नाही, सर."

"काहीतरी कारण असेल." ते जरा वेळ विचारात पडले. "हे बघा, नियम आपणच केलेत, ते आपणच मोडले तर कसं व्हायचं? मात्र ग्राहकाने लेखी मागितला तर नमुना अहवालासोबत परत देता येतो. ग्राहक कोण?"

"मीच."

"मग तुम्ही तुम्हाला अर्ज करा."

मी मला अर्ज केला. मी तो मंजूर केला. आणि मग, माझ्या आयुष्यात प्रथमच, माझ्याच सहीने मी पुढील अहवाल दिला. रंग, बहुरंगी. वास, जुन्या चपलांचा. गढूळपणा, लागू नाही. आम्लता, नमुना न फोडता तपासता आली नाही. शेवटच्या ओळीत निष्कर्ष लिहावाच लागतो, आणि त्यासाठी संगणकात दोनच पर्याय आहेत. मी खोटं लिहीत नाही. "पिण्यास अयोग्य" हा पर्याय निवडला.

फाटकावरच्या पहारेकऱ्याने अहवाल वाचला, कॅसेट पाहिली आणि सहानुभूतीने म्हणाला, "कुणी प्यायलं तर नाही ना?"

त्या शनिवारी मी आणि धाकटा तज्ज्ञाकडे गेलो. नवऱ्याला घरी ठेवलं, कारण तो भावनेच्या भरात वस्तू सोडतो. तज्ज्ञ म्हणजे जुनी खेळणी आणि गेम यांची खरेदी-विक्री करणारा एक गृहस्थ. दुकान लहान, उजेड कमी, आणि काचेआडच्या प्रत्येक बाहुलीवर "हात लावू नये" अशी पाटी. त्याने पांढरे हातमोजे घातले. कॅसेट मखमलीवर ठेवली. भिंग डोळ्याला लावलं. धाकटा माझ्या कानात म्हणाला, "आत कॅसेट आहे का बॉम्ब?" इतक्या वर्षांत त्याने तिच्याकडे पहिल्यांदाच सरळ पाहिलं, हे मी टिपलं.

"वा," तज्ज्ञ म्हणाला.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"वा वा. काय काम आहे!" त्याने भिंग काढलं. "ताई, हे सील कंपनीचं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे ही फोडलेली आहे. आणि परत बंद केलेली आहे. कंपनीच्या सीलला पाठीमागे मधोमध जोड येते, तीही वाकडी. कारखान्यात कुणाला पडलेली असते? इथे जोडच दिसत नाही. दोन्ही टोकांना पाकिटासारखी घडी, आणि हे बघा, घडीच्या टोकाला बारीकसा त्रिकोण आत दुमडलाय. फार मायेने केलंय हो कुणीतरी. कंपनीने असं काम केलं असतं तर दिवाळं निघालं असतं तिचं."

"मग किंमत?"

"दोघांचा रिक्षाने परत जायचा खर्च निघेल. दूर राहत नसाल तर."

मी भिंग मागून घेतलं आणि तो त्रिकोण पाहिला.

शाळेत असताना माझ्या प्रत्येक पुस्तकाच्या कव्हरला तो त्रिकोण होता. आईच्या वाढदिवसाच्या प्रत्येक भेटवस्तूला होता. "टोक दुमडलं की कोपरा फाटत नाही," हे वाक्य ऐकत मी मोठी झाले. बाबांची सगळी नोकरी औषधांच्या कारखान्यात, पॅकिंग खात्यात गेली. प्लास्टिक गरम करून खोक्यावर घट्ट बसवणारं यंत्र त्यांच्या हाताखाली होतं.

"काय झालं?" धाकटा म्हणाला.

"काही नाही," मी म्हणाले. फोडलेलं आणि न फोडलेलं यांतला फरक कळणाऱ्या बाईने याहून जास्त बोलू नये.

घरी येईपर्यंत धाकटा रिक्षातून बाहेर बघत बसला. मला वाटलं, खोली गेली म्हणून. पण तो आत शिरला, चपला न काढता दिवाणखान्यात मधोमध उभा राहिला, आणि दाताने ते प्लास्टिक टराटरा फाडलं.

"आता काय जपायचं? रिक्षाचं भाडं?" तो म्हणाला. "ताई, मी आज ही खेळणार आहे. आज. मग खोली कर्ज काढून घेईन."

बाबा खुर्चीत ताठ बसून होते. त्यांची नजर फाटलेल्या प्लास्टिकवर होती, विशेषतः कोपऱ्यावर.

धाकट्याने पलंगाखालून गेमचं जुनं मशीन काढलं. चादरीत गुंडाळलेलं, लख्ख पुसलेलं. ज्या वस्तूचं तोंड बघायचं नव्हतं, तिच्या मशीनवर धुळीचा कण नव्हता. अडचण वेगळीच निघाली. मशीनच्या लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिना नव्या टीव्हीत कुठेच बसेनात. तेव्हा समोरच्या काकू म्हणाल्या की त्यांचा जुना, मागे पोट असलेला टीव्ही गॅलरीत पडून आहे, फक्त त्यावरची कुंडी काढावी लागेल. काकू दारात कधीपासून उभ्या होत्या हे कुणी विचारलं नाही. टीव्ही आणायला सेक्रेटरींनीही हात लावला, आणि मग विजेचा भार तपासायच्या निमित्ताने तेही बसले.

पडद्यावर वीज चमकली. कर्कश संगीत सुरू झालं. धाकट्याने कपाळाला लाल पट्टी बांधलेला गडी निवडला. समोर एक शेपटीवाला राक्षस आला, त्याने लाल पट्टीवाल्याला उचललं आणि आपटलं. परत उचललं. परत आपटलं.

"मेला वाटतं," काकू म्हणाल्या.

दुसऱ्यांदाही तेच. धाकट्याच्या कपाळावर घाम आला. त्याने एवढी वर्षं वाट पाहिली होती ती एका शेपटीवाल्याकडून धोपटून घ्यायला. तिसऱ्यांदा राक्षस शेपटी उगारून चालून आला, आणि खुर्चीतून आवाज आला,

"अरे खाली दाब! आधी खाली! मग पुढे, मग बुक्की!"

पडद्यावर शेपटीवाल्याने आपलं काम पूर्ण केलं.

धाकटा हळूच वळला. "तुम्हाला काय माहीत?"

माझ्या लक्षात आलं की हे वाक्य माझ्याकडून गेलेलं नाही. ते सरळ गेलं होतं.

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तेव्हा माझी कारखान्यात दुसरी पाळी होती," ते म्हणाले. "सकाळी घरात कुणी नसायचं. तुम्ही शाळेत, तुझी आई कामावर. म्हटलं बघू तरी, पोरगा कशापायी एवढा जीव टाकतोय. एकदाच बघणार होतो."

"एकदाच?"

"शेपटीवाल्याने मारलं ना." बाबांचा आवाज चढला. "मग कसं सोडणार? त्याला मारलं तर पुढे तो बर्फवाला आला."

"बर्फवाला पण आहे?"

"फार हलकट आहे."

"म्हणजे मी गणितात नापास होऊन रडत होतो, आणि तुम्ही माझी गेम संपवत होता?"

"संपली कुठे? शेवटचा एक राहिला. तेवढ्यात तुझा निकाल लागला." बाबा खाली बघू लागले. "मग कारखान्यात नेऊन परत बंद केली. पुढल्या वर्षी तू पास झालास तेव्हा द्यायला काढली होती. पण तू हातात घेतली असतीस आणि ओळखलं असतंस तर? एवढं बजावून सांगणारा बाप, आणि... म्हटलं, मागेल तेव्हा बघू. तू मागितलीच नाहीस."

"तुम्ही द्याल म्हणून थांबलो होतो मी!"

"मी तू मागशील म्हणून!"

सेक्रेटरी घसा साफ करून म्हणाले, "म्हणजे तांत्रिकदृष्ट्या दोन्ही पक्षांची..." काकूंनी त्यांना चिमटा काढला.

धाकट्याने आपला रिमोट खाली ठेवला. मला वाटलं, आता उठेल आणि जाईल, कर्जाशिवायसुद्धा. त्याने दुसऱ्या रिमोटची वायर सोडवली आणि तो बाबांच्या मांडीवर टाकला.

"या," तो म्हणाला. "बघू काय शिकलात माझ्या जिवावर."

बाबांनी लांब वेणीची बाई निवडली. "बाईमाणूस घेतलंत?" काकूंनी विचारलं. "तिची लाथ लांब जाते," बाबा म्हणाले, आणि लाथ लांब गेली. लाल पट्टीवाला कोपऱ्यात सापडला आणि तिथून उठलाच नाही. ज्या बोटांना शर्टाचं बटण लावायला सकाळी वेळ लागतो, ती बोटं दिसत नव्हती इतकी पळत होती.

"हे चीटिंग आहे! कोपऱ्यात धरून मारताय तुम्ही!"

"मग जातोस कशाला कोपऱ्यात? गणितातही असंच केलंस."

"गणित काढू नका!"

"बाबा," मी सवयीने सुरुवात केली, "तो म्हणतोय की..."

"ऐकू आलं," दोघं एकदम म्हणाले.

मी मागे सरकून भिंतीला टेकून बसले. इतक्या वर्षांच्या नोकरीचा निरोप समारंभ यापेक्षा बरा व्हायला हवा होता, पण पेन्शनच्या बाबतीत कुणाशी बोलावं ते कळेना. तेवढ्यात धाकट्याचा फोन वाजला. त्याने पडद्यावरची नजर न काढता तो माझ्याकडे फेकला.

"खोलीवाले असतील. ताई, त्यांना सांग, खोली नको."

म्हणजे एक काम अजून शिल्लक होतं. मी ते चोख केलं. "खोली नको म्हणतोय तो," मी फोनमध्ये म्हणाले.

"का हो?" घरमालक म्हणाले. "परवा तर घाईत होते. दुसरीकडे मिळाली का?"

मी पडद्याकडे पाहिलं. वेणीवालीने लाल पट्टीवाल्याला पुन्हा कोपऱ्यात गाठलं होतं. मी अंदाजाने काही सांगत नाही.

"नाही," मी म्हणाले. "इथे तो वडिलांचा मार खातोय. आणि ते अजून बरेच दिवस चालेल असं दिसतं."